क्लिअर कोट: फरशी, भिंत आणि शेवटचा हात

जुलैचा तिसरा आठवडा, डोंबिवली, रात्रीचे साडेदहा. पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. दुसऱ्या दिवशी मॉडेल प्रदर्शनात मांडायचं होतं आणि १/४८ मापाच्या (मूळ विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) मिग-२१ बायसन या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक मारणाऱ्या पारदर्शक थराचा, तेवढा शेवटचा हात राहिला होता. चार महिन्यांचं काम, उरलेली पाच मिनिटं. मारला हात. दोन मिनिटं झकास दिसलं. पाचव्या मिनिटाला पंखांवर पांढरट झाक आली आणि दहाव्या मिनिटाला अख्खं विमान पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखं झालं.

ते विमान वाचलं, कसं ते पुढे सांगतो. पण त्या रात्रीपासून क्लिअरची बाटली उघडण्याआधी मी स्वतःला विचारतो, हा हात नेमका कशासाठी मारतोयस?

सगळं झाल्यावर वरून मारायचं संरक्षण म्हणजे क्लिअर, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात एकाच मॉडेलवर क्लिअर तीन वेळा येतो आणि तिन्ही वेळा त्याचं काम वेगळं असतं. डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील चिन्हं) लावण्याआधी तो फरशी असतो, डिकल सपाट बसावेत म्हणून केलेली. डिकलनंतर तो भिंत असतो, वॉशमधला (रेषांत सोडायच्या पातळ गडद रंगातला) थिनर डिकलपर्यंत आणि रंगापर्यंत पोचू नये म्हणून. आणि शेवटी तो चमक ठरवतो. पहिल्या दोन वेळी ग्लॉसच, म्हणजे चकचकीत क्लिअरच लागतो, मॉडेल शेवटी कितीही मॅट करायचं असो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे होतच नाहीत.

उदाहरणाला मिग-२१ च घेतो. विमान आपल्या ओळखीचं. १९६३ पासून हवाई दलात होतं, वर्षानुवर्षं नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनत होतं, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. शिवाय क्लिअरच्या जवळपास सगळ्या अडचणी त्याच्यावर एकत्र भेटतात. पसरट राखाडी रंग, तिरंगी गोल चिन्हं, पॅनेलच्या रेषा, मुंगीच्या अक्षरातल्या सूचना, आणि वर पारदर्शक कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच.

बाटलीत काय आहे ते आधी बघा

दुकानात ‘अ‍ॅक्रेलिक’ हा शब्द फार सैल वापरतात. अ‍ॅक्रेलिक हे रेझिनचं नाव. ते कशात विरघळवलंय किंवा कशात तरंगतंय, त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. आपल्या कामापुरत्या तीन जाती धरा.

पहिली पाण्याची. वालेहोची व्हार्निश यात येतात. वास जवळजवळ नाही, घरात मारायला सोयीची, पण एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाच्या) नोझलच्या टोकावर पटकन वाळणारी. दुसरी अल्कोहोलची. तामियाचा एक्स-२२ ग्लॉस, एक्स-३५ सेमी ग्लॉस, एक्सएफ-८६ मॅट, आणि मिस्टर हॉबीची अ‍ॅक्वियस मालिका. तिसरी लॅकर. मिस्टर कलरचे क्लिअर आणि तामियाचे टीएस-१३ वगैरे स्प्रेचे डबे. लॅकर सगळ्यात टणक होतो, सगळ्यात लवकर सुकतो, आणि सगळ्यात जहाल असतो.

अ‍ॅक्रेलिकच का? कारण तेलावर आधारलेलं व्हार्निश वर्षागणिक पिवळं पडत जातं. तपकिरी रणगाड्यावर ते खपून जाईल, पण फिकट राखाडी विमानावर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर चहा सांडल्यासारखं दिसतं. अ‍ॅक्रेलिक त्या मानाने स्वच्छ राहतो.

थरांचा नियम एका ओळीचा आहे. जहाल खाली, सौम्य वर. लॅकरवर अ‍ॅक्रेलिक चालतो, अ‍ॅक्रेलिकवर एनॅमलचा (तेलावर आधारलेल्या रंगाचा) वॉश चालतो. उलटं केलंत, म्हणजे मऊ एनॅमलवर लॅकर फवारलात, तर खालचा रंग सुरकुततो किंवा त्याला जाळीदार तडे जातात. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर फक्त रंगाची भांडी धुवायला. पॉलिस्टायरीनचं प्लास्टिक तो अक्षरशः खातो. तिथले फर्निचरवर मारायचे क्लिअरचे डबेही आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघितल्याशिवाय मॉडेलच्या आसपास आणू नका.

एक फाटा फोडतो. जुन्या मंडळींच्या तोंडी ‘फ्यूचर’ हे नाव हमखास येतं. ते अमेरिकेतलं जमिनीचं पॉलिश. पाण्यात मिसळलेलं अ‍ॅक्रेलिक, आपोआप सपाट होणारं, स्वस्त. ब्रिटनमध्ये तेच ‘क्लिअर’ नावाने मिळायचं, त्यामुळे मराठीत बोलताना आणखीच गोंधळ. कंपनीने त्याची नावं इतक्या वेळा बदलली की लोकांनी मोजणं सोडलं, आणि शेवटी उत्पादनच थांबलं. आपल्याकडे ते कधी धड मिळतच नव्हतं, तेव्हा हळहळू नका. एक्स-२२ ने सगळी कामं होतात.

चमच्यांचा डबा

माझ्याकडे बुटांच्या खोक्यात साठेक प्लास्टिकचे चमचे आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर मॉडेलवर आहेत तेच थर त्याच क्रमाने मारलेले, आणि दांड्यावर मार्करने लिहिलेलं: प्रायमर कुठला, रंग कुठला, क्लिअर कुठला, थिनर किती, तारीख. चमच्याची पाठ गोल असते, त्यामुळे चमक कशी पडते ते एका नजरेत कळतं. नवीन क्लिअर, नवीन थिनर किंवा दोघांची नवीन जोडी, काहीही असो, आधी चमचा. वाढदिवसाच्या पार्टीनंतर उरलेले चमचे गोळा करणारा घरात मी एकटाच. लोकांना सवय झाली आहे.

हवा बघून दिवस ठरवा

फवारलेला थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत बाष्प जास्त असेल तर ते त्या थंड थरावर बसतं आणि ओल्या क्लिअरमध्ये अडकतं. तीच पांढरी झाक. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून तो सगळ्यात वाईट काळ. काही शे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, तो टेबलावर ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली मी निश्चिंत फवारतो. ६० ते ७० मध्ये पातळ थर, जास्त विश्रांती आणि सावकाश उडणारं थिनर. त्याच्या वर गेलं तर त्या दिवशी सॅंडिंग करतो, चाकं रंगवतो, क्लिअरला हात लावत नाही. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवून खोली कोरडी करता येते. पण फवारताना बंद करा, नाहीतर धूळ फिरत राहते.

नागपूरच्या मे महिन्यात त्रास नेमका उलटा. हवा इतकी कोरडी की थेंब मॉडेलवर पोचण्याआधीच वाळतो आणि ग्लॉसच्या जागी पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर मिळतो. तिथे सकाळी लवकर बसा, रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला, आणि एअरब्रश जरा जवळ धरा.

मास्कबद्दल एकदाच सांगतो. अल्कोहोल आणि लॅकरसाठी ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, कापडी किंवा एन-९५ मास्कने वाफ अडत नाही. पाण्याच्या क्लिअरला वास नसला तरी त्याचा बारीक फवारा फुप्फुसात जाऊन वाळतोच. खिडकीत एक्झॉस्ट पंखा हवाच.

पहिला हात: फरशी

राखाडी रंग पूर्ण सुकलाय का, हे नाकाने ठरवा. मॉडेल नाकाजवळ धरा. वास येत असेल तर थिनर अजून उडतोय, म्हणजे थांबा. नंतर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. बोटांचा तेलकटपणा लागला असेल तर किंचित ओल्या कापडाने पुसा आणि पुढे हातमोजे घालूनच धरा. तेलावर क्लिअर बसत नाही. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

मिश्रण: एक्स-२२ एक भाग, मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर एक ते दीड भाग. तामियाचा स्वतःचा एक्स-२० ए थिनरही चालतो, पण लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो. थर जास्त वेळ ओला राहतो आणि आपला आपण सपाट होतो. माझ्या मते ग्लॉसचं निम्मं यश या एका बाटलीत आहे. मात्र तो लॅकरचा थिनर आहे. खाली पाण्याचा रंग असेल तर आधी चमच्यावर बघा आणि सुरुवातीचे थर अगदी कोरडे मारा.

पाण्याचं व्हार्निश वापरत असाल तर त्यात अल्कोहोल किंवा लॅकर थिनर अजिबात नको. कपातच रबरासारख्या गुठळ्या होतात आणि मग एअरब्रश सोडवत बसावा लागतो. त्याला त्याच कंपनीचा थिनर द्या, किंवा पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि रंग नीट वाहता ठेवणाऱ्या फ्लो इम्प्रूव्हरचे दोन थेंब.

नोझल ०.३ किंवा ०.४ मिलिमीटर, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर वीतभरापेक्षा कमी, साधारण ८ ते १० सेंटिमीटर. पहिले दोन हात नुसते धुक्याचे. मॉडेलवर दव पडल्यासारखं वाटलं पाहिजे, ओलं नाही. मध्ये दहा मिनिटं. हे दोन हात पुढच्या ओल्या थराला धरून ठेवतात. आता तिसरा हात ओला. एअरब्रश सावकाश पण न थांबता चालवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे, आणि हाताची फेरी मॉडेलच्या बाहेर सुरू होऊन बाहेरच संपली पाहिजे. टोकाशी हात थबकला की तिथे ओघळ आलाच.

किती ओलं म्हणजे पुरे? माझं माप म्हणजे डोक्यावरची ट्यूबलाइट. मॉडेल तिरपं धरून पंखावर तिचं प्रतिबिंब बघा. धुक्याच्या हातानंतर प्रतिबिंब नसतंच, नुसता उजेड असतो. ओला हात सुरू झाला की एक अस्पष्ट पांढरा पट्टा दिसू लागतो. पट्ट्याच्या कडा हळूहळू गोळा होतात, आणि एका क्षणी ट्यूबची कड सरळ रेघेसारखी उठते. तिथे थांबायचं. ‘अजून एक हात मारू’ असं ज्या क्षणी वाटतं, त्याच्या आधीच्या क्षणी थर पुरेसा झालेला असतो. हे मला कळायला तीन विमानं आणि एक फियाट लागली.

ओघळ आला तर हात लावू नका. ओल्या थरावर बोट टेकवण्याची ऊर्मी फार वाईट. दोन दिवस सुकू द्या, २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, पुन्हा एक पातळ हात मारा. धूळ किंवा केस बसला तरी हाच इलाज. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत आला तर मिश्रण जाड झालं, दाब कमी पडला, किंवा तुम्ही लांबून फवारलंत. हा पोतही घासून जातो.

मग मॉडेल प्लास्टिकच्या डब्याखाली झाकून चोवीस तास विसरून जा. पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

डिकल, आणि चांदी का दिसते

मॅट रंगावर थेट डिकल लावला की त्याच्या पारदर्शक कडेभोवती चकाकणारी चंदेरी झाक दिसते. तिला सिल्व्हरिंग म्हणतात. डिकल वाईट असतो असं नाही. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर डोंगराळ असतो. डिकलची फिल्म शिखरांवर टेकते आणि दऱ्यांमध्ये हवा अडकते. त्या हवेवरून प्रकाश परततो, तीच चांदी. ग्लॉसची फरशी दऱ्या भरून काढते. म्हणून हे काम डिकलच्या आधी करायचं. चांदी दिसू लागल्यावर वरून कितीही क्लिअर ओतला तरी खालची हवा जात नाही.

आता प्रत्यक्ष. आपल्या हवाई दलाचं गोल चिन्ह बाहेरून केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. केशरी शाई पातळ छापली असेल तर खालचा राखाडी रंग जाणवतो, म्हणून लावण्याआधीच डिकल राखाडी चमच्यावर धरून बघा. कडेची मोकळी फिल्म नव्या ब्लेडने शक्य तितकी कापून टाका. कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवा, काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगत सोडलात तर गोंद धुऊन जातो. मॉडेलवर त्या जागी सेटर (डिकल नीट बसवणारं द्रव) लावा, मायक्रो सेट किंवा मिस्टर मार्क सेटर. कागदावरून डिकल सरकवा, ओल्या ब्रशने जागेवर आणा, कापसाच्या काडीने मध्यापासून बाहेर लाटत पाणी काढा.

मग सॉफ्टर, डिकलची फिल्म मऊ करणारं द्रव. मायक्रो सोल लावल्यावर डिकल सुरकुततो आणि जीव घाबरतो. सोडा, बघू नका, चहा घेऊन या. सुकताना तो ताणून पॅनेलच्या रेषांत आणि रिव्हेटवर बसतो. मधेच टोचायला गेलात तर फाटतो, कारण तेव्हा तो ओल्या पापडासारखा असतो. एवढंच की खालचा क्लिअर अर्धवट सुकलेला असेल तर सॉफ्टर त्यालाही मऊ करतो. फरशीला दिलेले चोवीस तास इथे कामी येतात.

दुसऱ्या दिवशी उजेडात तिरपं धरून तपासा. कुठे चांदी उरली असेल तर ब्लेडच्या टोकाने दोन-चार बारीक टोचे मारून त्यावर सॉफ्टरचा थेंब. शेवटी कोमट पाण्याच्या ओल्या काडीने सगळे डिकल आणि भोवतालची जागा पुसा. गोंदाचे आणि पाण्याचे डाग आत्ता दिसत नाहीत. मॅट क्लिअरखाली मात्र तपकिरी कडा होऊन कायमचे बसतात.

दुसरा हात: भिंत

तेच मिश्रण, पण इथे घाई महाग पडते. ओला थर एकदम डिकलवर गेला तर लॅकर थिनर फिल्म सुरकुतवू शकतो. तीन-चार धुक्याचे हात, मध्ये पंधरा मिनिटं, आणि मगच एक मध्यम ओला हात. डिकलची कड बोटाला जाणवेनाशी करायची असेल तर आणखी दोन हात आणि मध्ये हलकं घासणं. १/७२ वर एवढं करायची गरज नाही. १/४८ च्या शेपटीवरच्या मोठ्या तिरंग्याला मी करतो.

चोवीस तासांनी वॉश. एनॅमलचा तयार पॅनेल वॉश घ्या, किंवा काळपट तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करा. रेषेच्या एका टोकाला बारीक ब्रश टेकवला की वॉश स्वतःहून रेषेतून धावत जातो. ग्लॉसवर काम करायची खरी मजा इथे आहे. पंखाच्या बुंध्याशी टेकवलेला थेंब टोकापर्यंत पळताना बघत राहावं. मॅटवर हेच केलं तर वॉश जागच्या जागी पसरतो आणि डाग धरतो, पुसला तरी सावली राहते. अर्ध्या तासाने एनॅमल थिनरने जेमतेम ओल्या केलेल्या काडीने जादा पुसा. विमानावर हात फिरवायची दिशा नाकाकडून शेपटीकडे ठेवा. एखादी रेघ राहिलीच तरी ती वाऱ्याने ओढल्यासारखी दिसते.

उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या सांध्यांवर, एनॅमल थिनर साचू देऊ नका. प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. चाकांचे खांब असेच मोडतात, आणि मोडल्यावर दोष गोंदाला दिला जातो.

धातूच्या रंगाचं वेगळं. १९७१ च्या काळातला उघड्या धातूचा मिग-२१ एफएल करत असाल तर चांगल्या मेटॅलिक लॅकरवर क्लिअर मारताना दहा वेळा विचार करा. जवळजवळ कुठलाही क्लिअर धातूचा कोरडा लखलखाट मारून त्याला चंदेरी रंगाच्या पत्र्यासारखं करतो. असा रंग मुळात गुळगुळीत असतो. डिकल थेट लावा, आणि भिंत हवीच असेल तर फक्त डिकलवर पाण्याच्या ग्लॉसचा पातळ हात द्या.

शेवटचा हात: चमक

संपूर्ण ग्लॉस विमान खेळण्यासारखं दिसतं आणि संपूर्ण मॅट विमान खडूसारखं. राखाडी बायसनला मी सॅटिनच्या (ग्लॉस आणि मॅटच्या मधल्या चमकेच्या) जरा खाली थांबतो. एक्सएफ-८६ मध्ये थोडा एक्स-२२ मिसळून हवी ती पायरी मिळते. सुरुवातीला तीनास एक घ्या आणि चमच्यावर बघा.

मॅट कसा होतो हे कळलं की तो बिघडत नाही. त्यात बारीक भुकटी असते. ती पृष्ठभाग खरखरीत करते आणि प्रकाश विखुरते. ही भुकटी बाटलीच्या तळाशी बसते. न ढवळता वरचं ओतलं तर मॅट ऐवजी ग्लॉस मिळतो, आणि पुढच्या वेळी तळाचा गाळ ओतला जाऊन विमान पांढरं. म्हणून दोन मिनिटं ढवळा. हलवायला सोपं जावं म्हणून बाटलीत काचेचा मणी टाका. सायकलचा छर्रा टाकू नका, पाण्याच्या व्हार्निशमध्ये तो गंजतो. तामियाचा एक्स-२१ फ्लॅट बेस हा तर नुसती भुकटीच समजा. तो कधीही एकटा मारायचा नाही, दहा भाग क्लिअरमध्ये एक भाग इथून सुरुवात करा.

ग्लॉसला ओला थर लागतो, मॅटला नाही. थोडं लांबून, १२ ते १५ सेंटिमीटरवरून, दोन-तीन पातळ हात पुरतात. ओलं भिजवलं तर भुकटी खळग्यांत गोळा होते आणि पंखाच्या सांध्यात पांढऱ्या रेघा उमटतात.

एअरब्रश नसणाऱ्यांसाठी. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर तो दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा (गरम पाणी नाही, आणि गॅसजवळ तर नाहीच), भरपूर हलवा, २५-३० सेंटिमीटरवरून झटपट फेऱ्या मारा. ब्रशने मारायचं तर पाण्याचं सॅटिन व्हार्निश, रुंद मऊ ब्रश, एकाच दिशेने, आणि मारलेल्या जागी पुन्हा फिरायचं नाही. एक्स-२२ ब्रशने मारू नका. त्यातला अल्कोहोल खालचा तामिया रंग उचलून आणतो.

पांढरं झालेलं विमान परत आणणं

आता त्या जुलैच्या रात्रीचं. प्रदर्शन हुकलं. मी मॉडेल डब्यात बंद करून ठेवलं आणि दहा दिवस तिकडे बघितलंही नाही. मग उघडीप मिळाली, मापकावर ५८ दिसत होतं. एक्स-२२ एकास दोन लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ केला आणि पोटाखाली, जिथे फसलं तरी दिसणार नाही तिथे, मारून बघितला. पांढरं पीठ डोळ्यांदेखत विरघळलं. पाणी लागल्यावर वाळक्या कापडाचा मूळ रंग वर येतो तसा राखाडी परत आला. खरखरीत थराचे खळगे ग्लॉसने भरले की प्रकाश विखुरणं थांबतं, बस एवढंच. सगळ्या विमानाला दोन हात दिले, चोवीस तास ठेवलं, आणि मग मॅट पुन्हा, यावेळी पातळ. झाक फक्त दमटपणाची असेल तर नुसता लेव्हलिंग थिनर धुक्यासारखा मारूनही ती जाते. मात्र खाली डिकल असतील तर मी ग्लॉसचाच रस्ता धरतो.

कॅनोपी

पारदर्शक भागाला ग्लॉसचा मोठा उपयोग. बारीक ओरखडे भरतात आणि काच पातळ असल्यासारखी दिसते. बायसनचं पुढचं विंडस्क्रीन एकसंध, मध्ये दांड्या नसलेलं, त्यामुळे त्यावरचा प्रत्येक डाग उठून दिसतो. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, चिमट्यात धरून पाण्याच्या ग्लॉसमध्ये बुडवा, सावकाश बाहेर काढा. खालच्या कडेला टिश्यूचा कोपरा टेकवा म्हणजे साचलेला थेंब शोषला जातो. लगेच पालथ्या वाटीखाली, दोन दिवस. बुडबुडा दिसला तर वाट बघू नका, धुऊन पुन्हा बुडवा.

दुसरा फायदा सुपरग्लूचा. त्याची वाफ उघड्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धूर बसवते. क्लिअरचा थर असला की ती फारशी बसत नाही. तरीही कॅनोपी चिकटवायला मी पांढरा फेव्हिकॉलच वापरतो.

एअरब्रश धुणं

रंग राहिला तर दिसतो, क्लिअर राहिला तर दिसत नाही. पुढच्या वेळी सुई अडकली की कळतं. क्लिअरनंतर सुई बाहेर काढून थिनरच्या काडीने पुसा, नोझलच्या आत बारीक ब्रश फिरवा, आणि पांढऱ्या टिश्यूवर थिनर फवारून तो वाळू द्या. टिश्यू त्या जागी कडक झाला तर क्लिअर अजून आत आहे.

मास्किंग, म्हणजे रंग लागू नये म्हणून चिकटवलेली टेप, काढणं मात्र सगळ्यात शेवटी. शेवटचा मॅट सुकून एक दिवस झाला की कॅनोपीवरची टेप उलट दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. कडेला क्लिअर जाड झाला असेल तर आधी नव्या ब्लेडने रेघ मारून घ्या, नाहीतर टेपबरोबर रंगाचा पापुद्रा येतो. नंतर बारीक ब्रश आणि न पातळ केलेला एक्स-२२ घेऊन बसा. इथे थेंबाथेंबाचंच काम आहे, खालचा रंग उचलण्याइतका ब्रश फिरवायचा नाही. पंखांच्या टोकांवरचे लाल-हिरवे दिवे, लँडिंग लाइटची काच, पोटाखाली तेल गळाल्याची एखादी रेघ. टायरना हात लावू नका, ते मॅटच राहू द्या.